आकाशातील वाट आणि घड्याळ

पूर्वी खेड्यातील वाटेवर एखाद्या वाटसरूने "पुढचे गाव किती लांब?" असे विचारले, तर शेतात काम करणारा माणूस हातातले काम न थांबविता सांगे, "आता निघालात तर दिवस मावळायच्या आत पोहोचाल." प्रश्न अंतराचा असे आणि उत्तर वेळेचे, तरीही विचारणाऱ्याचे समाधान होई. याचे कारण उघड आहे. पायी चालणाऱ्याची चाल आणि बैलगाडीची गती सर्वत्र जवळजवळ सारखीच. अंतर कळले की वेळ कळे आणि वेळ कळली की अंतर कळे. कोस आणि प्रहर ही जणू एकाच दोरीची दोन टोके होती.

विमानाच्या प्रवासात मात्र ही दोन टोके एकमेकांपासून सुटलेली दिसतात. दोन विमानतळांमधील अंतर वर्षानुवर्षे तेच राहते. परंतु ते ओलांडण्यास लागणारा वेळ विमानाच्या जातीप्रमाणे, दिशेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलत असतो. हे कसे घडते आणि हा हिशेब नेमका करणे का महत्त्वाचे आहे, हे नागपूर व पुणे या दोन शहरांच्या उदाहरणावरून चांगले समजते.

नागपूरहून पुणे किती दूर आहे, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आगगाडीने जाणाऱ्यास ते सुमारे ८८० किलोमीटर दूर आहे. कारण लोहमार्ग वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ असा पश्चिमेकडे जातो, मनमाड येथे दक्षिणेस वळतो आणि अहिल्यानगर व दौंड यांवरून पुण्यास येतो. मोटारीने जाणाऱ्यास हेच अंतर सातशे किलोमीटरांहून थोडे अधिक पडते. विमानाला मात्र डोंगर आडवा येत नाही, नदीवर पूल शोधावा लागत नाही, की वाटेतील गावांना वळसा घालावा लागत नाही. त्याच्या दृष्टीने या दोन शहरांत सुमारे ६०४ किलोमीटरांचेच अंतर आहे. यालाच हवाई अंतर म्हणतात.

आकाशात मैलाचे दगड नाहीत आणि साखळी टाकून मोजणीही करता येत नाही. मग हे अंतर मोजले कोणी? ते मोजलेले नाही, गणिताने काढलेले आहे. आणि त्यासाठी शाळेतील नकाशा व थोडी आकडेमोड एवढीच सामग्री पुरेशी होते.

नागपूरचा विमानतळ सुमारे २१ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७९ अंश ३ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. पुण्याचा लोहगाव येथील विमानतळ १८ अंश ३५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ५५ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. दोघांच्या अक्षांशांत अडीच अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावर सुमारे १११ किलोमीटर. म्हणून नागपूर हे पुण्याहून सुमारे २७८ किलोमीटर उत्तरेस आहे. रेखांशांत ५ अंश ८ मिनिटांचा फरक आहे. परंतु रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना परस्परांच्या जवळ येत जातात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरांचा असतो. विसाव्या अक्षांशाजवळ तो सुमारे साडेएकशे चार किलोमीटरांचाच भरतो. या मापाने नागपूर हे पुण्याहून सुमारे ५३६ किलोमीटर पूर्वेस आहे.

आता २७८ आणि ५३६ या दोन बाजू काटकोनात मांडल्या, तर त्यांना जोडणारा कर्ण म्हणजे विमानाची वाट होय. २७८ चा वर्ग ७७,२८४ आणि ५३६ चा वर्ग २,८७,२९६. त्यांची बेरीज ३,६४,५८० आणि तिचे वर्गमूळ सुमारे ६०४. पृथ्वी गोल असल्यामुळे फार लांबच्या प्रवासास हा सपाट त्रिकोण चालत नाही. तेथे गोलावरील त्रिकोणाचे गणित करावे लागते. नागपूर-पुण्याएवढ्या अंतरास मात्र या साध्या रीतीने आलेले उत्तर पुरेसे अचूक असते.

वैमानिक स्वतः अंतर सांगताना किलोमीटर वापरत नाहीत. ते सागरी मैल वापरतात. नावाड्यांपासून वैमानिकांकडे आलेले हे माप आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, तर त्या एका भागास मिनिट म्हणतात आणि एका मिनिटाएवढे अंतर म्हणजे एक सागरी मैल. तो १,८५२ मीटरांचा असतो. नकाशावरील मिनिटे मोजली की मैल आपोआप हाती येतात, ही त्याची सोय. नागपूर आणि पुणे यांच्या अक्षांशांतील अडीच अंश म्हणजे १५० मिनिटे, म्हणजेच १५० सागरी मैल. दोन्ही शहरांमधील संपूर्ण हवाई अंतर सुमारे ३२६ सागरी मैल भरते.

अंतर निश्चित झाले. आता वेळेकडे वळावे. प्रवासी वाहतुकीचे मोठे जेट विमान उंचावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. ६०४ ला ८३० ने भागले, तर ४४ मिनिटे येतात. पण विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात याच प्रवासासाठी सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. भागाकार चुकलेला नाही आणि वेळापत्रकही खोटे नाही. मग मधला अर्धा-पाऊण तास गेला कोठे?

त्यांतील काही मिनिटे जमिनीवरच जातात. वेळापत्रकातील घड्याळ विमान उडाल्यावर सुरू होत नाही. ते आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून हलले की सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर नेमून दिलेल्या जागी थांबले की बंद होते. दरम्यान विमानाला बैलगाडीच्या संयमाने धावपट्टीच्या टोकापर्यंत जावे लागते. पुढे दुसरी विमाने असतील, तर आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. लोहगावचा तळ मुळात हवाई दलाचा आहे; तेथे प्रवासी विमानांना हवाई दलाच्या विमानांशी मेळ राखून उतरावे व उडावे लागते.

काही मिनिटे धावपट्टीच्या दिशेमुळे जातात. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे होऊन उडते आणि वाऱ्याला सामोरे होऊनच उतरते. त्यामुळे कमी धाव घेऊन त्याला उचल मिळते आणि उतरताना ते लवकर थांबते. धावपट्टीच्या टोकांवर लिहिलेले आकडे तिची दिशा सांगतात. पुण्याच्या धावपट्टीच्या एका टोकावर १० आणि दुसऱ्यावर २८ हा आकडा आहे. म्हणजे ती उत्तर दिशेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजल्यास सुमारे १०० आणि २८० अंशांच्या रोखाने, ढोबळमानाने पूर्व-पश्चिम, पसरलेली आहे. नागपूरहून येणारे विमान ईशान्येकडून येते. वारा पश्चिमेकडून वाहत असेल, तर त्याला थोडेसे वळून थेट उतरता येते. वारा पूर्वेकडून असेल, तर मात्र त्याला पुणे ओलांडून पश्चिमेस जावे लागते आणि मागे फिरून उतरावे लागते. शहर खिडकीतून दिसू लागले, तरी चाके जमिनीला लागण्यास अवकाश असतो, तो यामुळे.

वेळेचा सर्वांत मोठा वाटा चढण्या-उतरण्यात जातो. जेट विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, कारण तेथे हवा विरळ असते आणि इंधन कमी लागते. पण तेवढे उंच चढण्यास सुमारे वीस मिनिटे आणि दोनशे किलोमीटर लागतात. उतरताना जवळपास तेवढेच अंतर आधीपासून खाली येऊ लागावे लागते. जमिनीपासून पहिल्या तीन किलोमीटरांत तर वेगावर नियमाचे बंधन असते. ताशी ८३० किलोमीटर हा वेग त्या वेळी नसतोच. सहाशे किलोमीटरांच्या वाटेतील चारशे किलोमीटर चढण-उतरणीत गेले, तर पूर्ण वेगाने जाण्यास जेमतेम एक-तृतीयांश वाट उरते. हा प्रवास सपाटीवरील चालीसारखा नसून एखादा गड चढून लगेच दुसऱ्या बाजूने उतरण्यासारखा आहे. म्हणूनच अंतर दुप्पट झाले, तरी विमानाचा वेळ दुप्पट होत नाही. आणि अंतर निम्मे झाले, तरी वेळ निम्मा होत नाही.

यानंतर विचार करावयाचा तो वाऱ्याचा. नदीत होडी चालविणाऱ्यास ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. प्रवाहाबरोबर जाताना वल्ह्यांना प्रवाहाची साथ मिळते. उलट जाताना तोच प्रवाह होडी मागे ढकलतो. विमान हवेच्या अशाच एका प्रचंड प्रवाहात तरंगत असते. हिवाळ्यात आपल्या भागात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. पावसाळ्यात उंचावरील वाऱ्याची दिशा बदलते आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागतात. त्यामुळे हिवाळ्यात पुण्याहून नागपूरला जाणे लवकर होते आणि परतीस वेळ लागतो. पावसाळ्यात नेमके उलट घडते.

समजा, एक विमान हवेतून ताशी ८०० किलोमीटर वेगाने जात आहे आणि वारा ताशी ८० किलोमीटरांचा आहे. वारा पाठीशी असेल, तर जमिनीच्या मानाने विमानाचा वेग ताशी ८८० किलोमीटर होतो आणि ६०४ किलोमीटर सुमारे ४१ मिनिटांत सरतात. वारा समोरून असेल, तर वेग ७२० होतो आणि त्याच वाटेस ५० मिनिटे लागतात. जाताना जे मिळाले ते येताना गेले, तेव्हा शेवटी हिशेब सारखाच झाला, असे कोणास वाटेल. परंतु तसे होत नाही. जाऊन-येऊन साडेएक्याण्णव मिनिटे होतात. वारा मुळीच नसता, तर सुमारे एक मिनिट कमी लागले असते. याचे कारण असे, की समोरच्या वाऱ्यात विमानास अधिक वेळ घालवावा लागतो आणि पाठीवरच्या वाऱ्याचा लाभ थोडाच वेळ मिळतो.

अशा मिनिटांची बेरीज-वजाबाकी पूर्वीपासून फार उपयोगी पडत आली आहे. १९४९ साली भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाची विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने परत फिरत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यास पोहोचलेले असे. देशाच्या मध्यावर असल्यामुळे या कामास नागपूरच योग्य होते. परंतु मध्यावर असले, तरी चारही अंतरे सारखी नव्हती. मुंबई सुमारे ६८५ किलोमीटर, तर कलकत्ता सुमारे ९८५ किलोमीटर दूर. त्या काळच्या विमानांना तीनशे किलोमीटरांस सुमारे एक तास लागे. सर्वांनी एकाच सुमारास पोहोचावयाचे, तर लांबच्याने आधी निघाले पाहिजे. कारण एका विमानास उशीर झाला, तर उरलेल्या तिघांना त्याच्यासाठी धावपट्टीशेजारी थांबावे लागणार. दूर कोठे तरी पत्राची वाट पाहणाऱ्या माणसाची सकाळ अशा रीतीने नागपूरच्या मध्यरात्रीशी बांधलेली होती.

पत्रास थोडा उशीर झाला, तर चालते. परंतु काही गोष्टी अशा असतात, की त्यांना उशीर चालतच नाही. अपघाताने किंवा आजाराने एखाद्या माणसाच्या मेंदूचे कार्य कायमचे थांबते. तरी त्याचे हृदय यंत्रांच्या साहाय्याने काही काळ चालू राहते. अशा वेळी घरच्या माणसांनी दुःख गिळून संमती दिली, तर ते हृदय दुसऱ्या एखाद्या रुग्णास जीवन देऊ शकते. पण शरीराबाहेर काढलेले हृदय थंड द्रावणात व बर्फात जपून ठेवले, तरी साधारणपणे चार तासांच्या आत ते दुसऱ्या छातीत धडधडू लागले पाहिजे. मूत्रपिंडास चोवीस तासांहूनही अधिक अवधी मिळू शकतो. हृदयास तेवढी सवलत नाही.

जुलै २०२३ मध्ये नागपुरात असेच एक हृदय मिळाले आणि त्याची वाट पाहणारा रुग्ण पुण्यातील लष्करी रुग्णालयात होता. तो हवाई दलातील एक सैनिक होता. आता प्रश्न उरला तो अंतराचा. आगगाडीस बारा तास किंवा त्याहून अधिक लागतात. तिचा विचार करणेही शक्य नव्हते. मोटार ताशी शंभर किलोमीटर वेगाने कोठेही न थांबता धावली असती, तरी चार तासांत चारशे किलोमीटर गेली असती आणि पुणे आणखी तीनशे किलोमीटर दूर राहिले असते. म्हणून हवाई दलाने आपले एएन-३२ हे विमान दिले. हे दोन पंख्यांचे मालवाहू विमान आहे. ते जेटएवढे वेगवान नाही. त्याची नेहमीची गती ताशी सुमारे ४७० किलोमीटर आहे. ६०४ किलोमीटरांस या गतीने ७७ मिनिटे लागतात. त्यांत चढण्या-उतरण्याची काही मिनिटे मिळविली, की सुमारे दीड तास होतो. आणि खरोखरीच दीड तासात ते हृदय नागपूरहून पुण्यास आले.

चार तास म्हणजे २४० मिनिटे. त्यांतील ९० मिनिटे आकाशात गेली. उरलेल्या १५० मिनिटांत नागपूरच्या रुग्णालयापासून विमानतळापर्यंतचा रस्ता, पेटी विमानात ठेवणे, पुण्यास ती उतरविणे, लोहगावपासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता आणि शेवटी नव्या छातीत हृदय शिवून बसविणे, एवढे सारे व्हावयाचे होते. या शिवणकामासच सुमारे तासभर लागतो. म्हणजे दोन्ही शहरांतील रस्त्यांसाठी आणि उचल-ठेवीसाठी फार थोडा वेळ शिल्लक होता. एरवी वाहनांनी भरलेल्या शहरात दहा किलोमीटर जाण्यासही अर्धा-पाऊण तास सहज मोडतो. अशा प्रसंगी वाहतूक पोलीस चौकाचौकांत उभे राहून सर्व वाहने थांबवितात आणि रुग्णवाहिकेस एक अखंड वाट करून देतात. तिला हरितमार्ग म्हणतात, कारण त्या वाटेवर जणू प्रत्येक दिवा हिरवाच असतो. या वेळीही पोलिसांनी अशी वाट करून दिली. हृदय वेळेत पोहोचले आणि ते त्या सैनिकाच्या छातीत बसविण्यात आले.

या घटनेचा विचार केला, तर एक गोष्ट स्पष्ट होते. विमानाने प्रवास झटपट होतो, एवढे म्हणणे पुरेसे नाही. विमान फक्त धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत नेते. माणसाचा प्रवास मात्र दारापासून दारापर्यंतचा असतो. सर्वसाधारण प्रवाशासही विमानतळावर तास-दीड तास आधी जावे लागते, तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते, उतरल्यावर सामानाची वाट पाहावी लागते. हा सारा वेळ जमेस धरला, तर नागपूर-पुणे हा सव्वा तासाचा समजला जाणारा प्रवास चार-पाच तासांचा होतो. तरीही आगगाडीपेक्षा तो लवकर होतो. मात्र अंतर जसजसे कमी होत जाते, तसतसा हा लाभ घटत जातो. जवळच्या शहरांत तर आगगाडीने निघालेला मनुष्य विमानाने निघालेल्याच्या आधी घरी पोहोचतो.

अंतर हे पृथ्वीने ठरवून दिलेले आहे. नागपूर आणि पुणे यांच्यामधील ६०४ किलोमीटरांतून एक मीटरही कोणास कमी करता येणार नाही. वाऱ्यावर आणि ऋतूंवरही मनुष्याची सत्ता चालत नाही. परंतु त्या वाटेस लागणाऱ्या वेळेत अनेकांचे हात असतात. वाऱ्याचा अंदाज घेऊन उंची ठरविणारा वैमानिक, विमानांना क्रमाने उतरविणारा नियंत्रक, चौकात शिटी वाजवून वाहने थांबविणारा पोलीस, आणि रुग्णवाहिकेचा आवाज ऐकताच आपली गाडी बाजूस घेणारा साधा नागरिक, यांपैकी प्रत्येकजण त्या घड्याळात एकेक मिनिट भर टाकीत असतो. चार तासांच्या मुदतीत अशा मिनिटांचे मोल काय असते, हे पुण्याच्या रुग्णालयात पुन्हा धडधडू लागलेल्या त्या हृदयाने दाखवून दिले.